घाटावरचा समुद्र

बेळगावला समुद्र पश्चिमेकडून जवळ, पण बेळगावचं पाणी त्या समुद्राकडे जात नाही. मार्कंडेय घटप्रभेला मिळते, निपाणीकडची वेदगंगा दूधगंगेला, आणि सगळ्या मिळून कृष्णेच्या वाटेनं बंगालच्या उपसागराला लागतात. खानापूरच्या जंगलातून निघणारी म्हादई मात्र घाट उतरून गोव्याला जाते. चोर्ल्याच्या रस्त्यानं सकाळी निघालेला माणूस जेवणवेळेला पणजीत असतो, बाजारात गोव्याची, मालवणची मासळी येते. तरी समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांवर, दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याचा टँक ठेवायचा हा हट्टच. अर्थात सीमाभागाला हट्टाचं काय नवल!

निपाणीच्या एका स्नेह्यांकडे असा दोन फुटी टँक आहे. जेमतेम पन्नास लिटर पाणी, दोन क्लाऊनफिश, काही गोगलगायी. बघायला येणारा प्रत्येक जण आधी पाण्याकडे बघतो, मग माशांकडे, आणि पाणी नितळ दिसलं की समाधानानं मान डोलावतो. ते नितळपण कुठून येतं, हे समजून घ्यायला मला बराच काळ लागला, आणि त्याची सुरुवात मिठापासून करावी लागली.

आपल्याला सर्वांत जवळची मिठागरं शिरोड्याची. १९३० च्या सत्याग्रहानं ती इतिहासातही गेली. तिथलं खडेमीठ आणून नळाच्या पाण्यात विरघळवलं की झाला समुद्र, असं कुणालाही वाटेल. पण मिठागरात पाणी आटत जातं तसा आधी चुना खाली बसतो, मग जिप्सम, मग मीठ. आणि बहुतेक मॅग्नेशियम शेवटच्या कडवट पाण्यात राहून जातं. मीठ पिकवणं म्हणजे समुद्रातून बराचसा समुद्र वजा करणं. ‘चॅलेंजर’ या संशोधन जहाजानं जगभरातून गोळा केलेले समुद्राच्या पाण्याचे ७७ नमुने रसायनशास्त्रज्ञ विल्यम डिटमारनं तपासले आणि १८८४ साली दाखवून दिलं की खारेपणा कमीजास्त असला, तरी मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण सगळीकडे जवळपास तेच राहतं. त्या प्रमाणात तयार केलेलं मिश्रण विकत मिळतं. लिटरला साधारण ३५ ग्रॅम, तेही आरओच्या पाण्यात. नळाचं किंवा बोअरचं पाणी पिण्याला कितीही उत्तम असो, त्यातले सिलिकेट आणि फॉस्फेट काचेवर तपकिरी शेवाळ चढवतात. शिवाय हवेत उडून जातं ते नुसतं पाणी, मीठ मागंच राहतं. म्हणून मार्च-एप्रिलच्या कोरड्या दिवसांत टँकची पातळी उतरली की भर घालायची ती गोड्या पाण्याची. हे विसरणाऱ्याच्या टँकच्या कडेला पांढरी खपली धरते आणि आतले मासे सुस्तावतात.

एवढं सांभाळूनही नव्या टँकचं पाणी पहिल्या काही दिवसांत दुधाळ होतं. हे दूध म्हणजे जिवाणू: विरघळलेल्या अन्नावर तुटून पडलेली, मोकाट वाढलेली त्यांची फौज. तिला आवरायचा उपाय बहुतेक वेळा काहीच न करणं हा असतो. खाणं संपलं की फौज आपोआप ओसरते. त्याच वेळी दगडांवर आणि वाळूत दुसरे, संथ वाढणारे जिवाणू घर करत असतात. माशांच्या कल्ल्यांतून आणि कुजणाऱ्या घाणीतून येणाऱ्या अमोनियाचं ते आधी नायट्राइट, मग त्यामानानं निरुपद्रवी नायट्रेट करतात. विनोग्राद्स्की या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञानं १८९० च्या सुमारास त्यांना वेगळं करून ओळखलं. त्यांचं बस्तान बसायला चार ते सहा आठवडे लागतात. माणसाचा धीर नेमका इथं सुटतो. तो सगळं पाणी ओतून देतो, वाळू चोळून धुतो, स्पंज नळाखाली पिळतो, आणि क्लोरीनच्या पाण्यानं त्या संथ कारागिरांनाच मारून टाकतो. पुन्हा पहिला दिवस. माझी अशीच चुळबुळ पाहून स्नेही एकदा म्हणाले, “थांबा की जरा. त्याचं त्ये निवळतंय.”

पाणी निवळवण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. निवळीची बी उगाळून माठात घालत. सुश्रुतसंहितेत हे झाड कतक नावानं आलं आहे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात तर त्याचा दृष्टांत आहे: या झाडाचं फळ पाणी स्वच्छ करतं खरं, पण झाडाचं नुसतं नाव घेतल्यानं पाणी निवळत नाही. त्या ग्रंथाशी माझी भांडणं पुष्कळ आहेत, हा श्लोक मात्र मी काढून ठेवला आहे. निवळी, तुरटी आणि दुकानात बाटलीतून मिळणारं क्लॅरिफायर, तिघांचं काम साधारण एकच: तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांना एकत्र आणून जड करायचं. माठात ते पुरतं, कारण माठात कुणी राहत नाही. टँकमध्ये कण जातात, पाणी तासाभरात लखलखतं आणि विरघळलेला अमोनिया जिथल्या तिथं असतो.

निपाणीत या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. तंबाखूच्या वखारींचं हे गाव. हंगामात भुकटी हवेत असते, हाताला असते, कपड्यांना असते. टँकचा एअर पंप खोलीतलीच हवा ओढतो. निकोटिन पाण्यात सहज विरघळतं आणि माशांना ते जहर आहे. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लिटरभर पाण्यात ओढून टाकलेल्या एका सिगारेटच्या थोटकाचा अर्क चार दिवसांत निम्मे मासे मारायला पुरेसा ठरला. टँकमध्ये निकोटिन किंचित गेलं तर पाणी जराही गढूळ होणार नाही. स्नेही साबण न लावता, पण कोपरापर्यंत हात धुऊनच टँकला हात लावतात.

आणि नितळ समुद्र म्हणजे समृद्ध समुद्र असंही नाही. १८६५ साली पोपच्या जहाजावरून आंजेलो सेक्कीनं पांढरी थाळी भूमध्य समुद्रात सोडून ती किती खोलवर दिसेनाशी होते हे मोजलं. ही थाळी पावसाळ्यात वेंगुर्ल्याला सोडली तर हातभरावर गायब व्हावी. नद्यांचा गाळ असतोच, शिवाय नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत आपल्या किनाऱ्यालगत खालचं थंड, पोषक पाणी वर येतं, त्यावर वनस्पती-प्लवक माजतं, आणि त्याच्या जिवावर बांगडा आणि तारली पोसतात. ज्या गढूळपणाला आपण नाक मुरडतो त्याचंच कालवण भातावर घेतो. प्रवाळांभोवतीचं पाणी नितळ असतं कारण तिथं उरतच काही नाही. टँकमध्ये आपण त्या दरिद्री, काटकसरी समुद्राची नक्कल करत असतो. मग मराठी घरात येणारा-जाणारा प्रत्येक जण माशांना चिमूटभर खाऊ घालतो, तो प्रेमानं पाणी नासवत असतो.

बाकीची युक्ती थोडी आहे. तरंगणाऱ्या कणांसाठी पॉलिस्टरचा कापूस, पण दोन-तीन दिवसांत बदलायचा, नाहीतर अडकलेलं तिथंच कुजतं. पिवळटपणासाठी नारळाच्या करवंटीचा सक्रिय कोळसा. टँकच्या मागं पांढरा कागद धरून लांबीच्या बाजूनं पाहिलं की तो पिवळटपणा कळतो, समोरून कळत नाही. प्रोटीन स्किमर बारीक बुडबुड्यांवर घाण चढवून फेसासकट बाहेर काढतो. किनाऱ्यावरचा पिवळा फेस हीच किमया. जिवंत प्रवाळ मात्र आणायचे नाहीत. २००१ पासून ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले आणि ते बरंच झालं.

स्नेही पुढची काच रोज चुंबकाच्या घासणीनं पुसतात. मागची पुसत नाहीत. तिच्यावर शेवाळाचा हिरवा-तपकिरी थर आहे, तो नायट्रेट शोषतो आणि गोगलगायी त्यावर रात्री चरतात. येणारे विचारतात, ती बाजू धुवायची राहिली का? ते म्हणतात, राहू दे, तिकडनं कोण बघतंय.