हुक कशाला अडकवायचा?

अंधेरी पूर्वेला मरोळ-चकाल्याकडं मी परांचीवर काम केलंय. अंगावर सेफ्टी बेल्ट चढवला की मुकादम म्हणायचा, आता तुझा जीव तुझ्या हातात. हे वाक्य तपासून बघितलं पाहिजे. त्यात लबाडी आहे.

नुसता पट्टा माणसाला वाचवत नाही. पट्टा, दोरी, हुक आणि हुक जिथं अडकतो तो आधार, या चौघांनी मिळून जीव वाचतो. पहिल्या तीन गोष्टी कामगाराच्या अंगावर असतात. चौथी मालकाच्या इमारतीत असावी लागते, आणि नेमकी तीच नसते. मग पोरगं हुक अडकवतं कशाला? काथ्यानं बांधलेल्या बांबूला, नळाच्या पाइपला, खिडकीच्या ग्रिलला. नाहीतर हुक तसाच कमरेला लोंबतो. साहेब खालून बघतो : बेल्ट आहे. रजिस्टरात खूण होते.

माणूस सहा फूट पडून दोरीला लटकतो, तेव्हा बसणारा झटका त्याच्या वजनाच्या कैक पट असतो. म्हणून अमेरिकेचा नियम माणशी ५००० पौंड, म्हणजे सुमारे २२७० किलो पेलणारा आधार मागतो. नाहीतर जाणकारानं दुप्पट ताकदीचा हिशेब करून दिलेला. नुसतं उभं दिसतं म्हणून भरवसा ठेवता येत नाही. आपल्या अंधेरीच्या गोखले पुलाचा पदपथ ३ जुलै २०१८ ला रेल्वेच्या रुळांवर कोसळला. त्यावरून रोज माणसं चालत होती.

हुकाचंही तसंच. लॉक नसलेला हुक कडीत पिळला की तोंड उघडून निसटतो. हुकात हुक घालायचा नाही. आधार डोक्यावर हवा, पायाशी असला तर माणूस जास्त खोल पडतो. जागा बदलताना दोन दोऱ्या हव्यात. दुसरी अडकल्याशिवाय पहिली सोडायची नाही.

आता खरा सवाल. माणूस पडला की सगळे विचारतात, हुक लावला होता का? कशाला लावायचा होता, हे कुणी विचारत नाही. ज्याला भिंतीत एक कडी बसवायचा अधिकार नाही, त्याच्या माथी भिंतीची उणीव मारणं ही कुठली नीती? काही पोरं आधार असूनही हुक लावत नाहीत, हे खरंय. पण त्यांची जबाबदारी आधार दिल्यावर सुरू होते, त्याआधी नाही.

आपल्याला हे नवं नाही. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोले ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे खुले झाले. १९२४ साली महाड नगरपालिकेनं चवदार तळंही खुलं केलं. कागदावर. तळ्यावर ओंजळ भरली ती २० मार्च १९२७ ला, बाबासाहेबांबरोबर हजारो माणसं चालून गेली तेव्हा. हातात दिलेला हक्क अडकवायला जागा लागते. ती जागा माणसांनी एकत्र येऊन केली.

म्हणून वर चढण्याआधी विचारायचं : आधार दाखव. किती भार पेलतो? कुणी तपासला? एकट्यानं विचारलं तर ठेकेदार त्याला परत पाठवतो आणि नाक्यावरून दुसरा उचलून आणतो. तेव्हा त्या दुसऱ्यानंही हेच विचारलं पाहिजे. आपलं काम नाक्यावर आहे.