किल्ली कोणाच्या हाती?

गेल्या दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. आमच्या फुलचूरचा एक जुना सोबती महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात राहून घरी परतला होता. मी भेटायला गेलो. ओटीवर बसलेला तो मला पाहताच उत्साहाने उठला. "गुरुजी, सायकल द्या. गोंदियाहून लाह्या-बत्तासे घेऊन येतो." माझ्या तोंडून निघून गेले, "अरे, चाक पंक्चर आहे." सायकल समोरच उभी होती. दोन्ही चाके टणक फुगलेली त्याने पाहिली आणि काही न बोलता तो पुन्हा खाली बसला.

त्या रात्री मला झोप आली नाही. घरात त्याच्या वहिनींनी कपाटाची किल्ली कमरेला खोचली होती. तो बाहेरून आला की आई बोलण्याच्या निमित्ताने त्याच्या तोंडाचा वास घेई. आम्ही सारे त्याच्या भल्यासाठीच वागत होतो. मग त्याची मान खाली का गेली?

विश्वास आधी द्यावा, की माणूस त्याला पात्र ठरल्यावर? आधी द्यावा तर घरादाराचा घास पणाला लागतो. नंतर द्यावा तर पात्र ठरण्याची संधीच त्याला मिळत नाही. माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या मास्तराला हे कोडे सहज सुटणारे नव्हते.

दारू सोडणे हा केवळ निश्चयाचा प्रश्न नाही. फार पिणाऱ्याने ती एकाएकी सोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. म्हणून ते पहिले दिवस डॉक्टरांच्या नजरेखालीच काढावे लागतात. शरीर सावरले तरी झोप आणि मन ताळ्यावर यायला महिने जातात. एखादी वाट, एखादा मित्र, मोहाच्या दारूचा नुसता दर्प जुनी तहान जागी करतो. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केले, तेव्हापासून तिथे रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांचाही विचार होत आला आहे. आजारी एकटा माणूस नसतो, त्याच्याभोवतीचे सारे घर शिणलेले असते.

मला वाटते, सावधगिरीत दोष नाही; दोष आहे तो चोरून बाळगलेल्या सावधगिरीत. "पहिले काही महिने पैसे वहिनींकडे ठेवू, तुला पटते का?" असे विचारून किल्ली ठेवली तर ती आधार होते, न विचारता लपवली तर पहारा. त्याची उधारी गुपचूप फेडणे, त्याच्या गैरहजेरीसाठी खोट्या चिठ्ठ्या लिहिणे हेही प्रेम नव्हे. त्याच्या कर्माचा भार त्याच्याच खांद्यावर असू द्यावा. आपण फक्त बरोबर चालावे.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे गेलो आणि म्हणालो, "काल मी खोटे बोललो. मला भीती वाटली होती." तो हसला. "मलाही वाटली होती, गुरुजी."

भाऊबीज झाली की आमच्या भागात गावोगावी मंडई भरते. दंडार रंगते, पाहुणे येतात आणि बाटल्याही येतात. तो आपणहून म्हणाला, "मी एकटा नाही जाणार. तुम्ही येता?" आम्ही दोघे गेलो, चहा प्यालो, दंडार पाहिली आणि वेळेवर परतलो.

गोष्ट इथे गोड संपवता आली असती. पण माघात तो एकदा घसरला. मात्र दुसऱ्या सकाळी तो स्वतः माझ्या दारात उभा होता; कुणी पकडून आणला नव्हता. मी त्याला चहा दिला आणि आम्ही डॉक्टरांकडे निघालो. घसरलेला माणूस लपायला जातो की सांगायला येतो, यातच आपल्या विश्वासाची परीक्षा आहे.

यंदाही दिवाळी आली आहे. काल तो सायकल मागायला आला. मी किल्ली दिली. लाह्या जरा उशिरा आल्या, आणि तेवढा वेळ मी दारात उभा होतो, हेही खरे सांगतो.