सुटलेला नेम पुन्हा धरताना

पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्यांपुढे धावण्याची गोष्ट काढली, तर कोणी म्हणेल, "अहो, आपला संप्रदाय चालणाऱ्यांचा. धावणे हा पोरांचा खेळ." परंतु माउलींच्या सोहळ्यात वेळापूरच्या अलीकडे सारे वारकरी उतारावरून पळत सुटतात, त्याला नावच 'धावा' असे आहे. रिंगणात पताकावाले धावतात, डोईवर तुळस घेतलेल्या माउल्याही धावतात. तेव्हा धावणे आपल्याला परके नाही.

नांदेडास आणि लातुरास हल्ली पहाटे धावणारी मंडळी दिसतात. त्यांत काही असे, की तरुणपणी धावत होते. पुढे नोकरी, संसार, आजारपण यांत ते सुटले, आणि चाळिशी उलटल्यावर पुन्हा पायांत बूट चढवले. अर्धी मॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटर आणि वर थोडे, एकदा तरी पुरी करावी अशी त्यांची इच्छा. यांच्यापुढे जो प्रश्न उभा राहतो तोच आपल्यातल्या पुष्कळांपुढे आहे. हरिपाठ सुटला, एकादशी मोडली, वारी चार वर्षे चुकली; आता पुन्हा आरंभ करायचा तो कोठून? मागले सारे वाया गेले, की काही शिल्लक आहे?

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने हेच विचारले आहे. मध्येच योग सुटलेल्याचे काय होते? भगवंतांनी धीर दिला, की त्याचा नाश होत नाही. पूर्वीचा अभ्यासच त्याला पुढे ओढून नेतो. देहाचीही साक्ष अशीच आहे. एकदा कसलेले शरीर नवख्यापेक्षा लवकर वळणावर येते.

पण येथेच खरा धोका आहे, बरं का! परतलेल्या माणसाचा दम थोड्या आठवड्यांत वाढतो. हाडे आणि स्नायूंना हाडांशी बांधणारे कंडरे बळकट व्हायला मात्र कितीतरी अधिक काळ लागतो. दम म्हणतो, "चल," आणि गुडघा म्हणतो, "थांब." त्या वेळी मन जुने दिवस आठवते : मी अमुक वेळात अमुक अंतर धावत असे. त्या आठवणीच्या भरात तो वेग वाढवतो आणि आठ दिवसांत लंगडत घरी बसतो. त्याला पाडले ते रस्त्याने नव्हे. 'मी पूर्वी असा होतो' या अभिमानाने पाडले.

म्हणून विवेक असा करावा, की पूर्वीचा अभ्यास घ्यावा, पूर्वीचा मान घेऊ नये. अभ्यास ही शिदोरी आहे. मान हे ओझे आहे. काही वर्षांनी दिंडीत परत आलेल्या वारकऱ्याने आपली जुनी जागा मागू नये. जेथे जागा मिळेल तेथे उभे राहून टाळ धरावा.

रीतही आपल्याच घरची आहे. आधी थोडे चालावे, थोडे धावावे, पुन्हा चालावे. वेग एवढाच ठेवावा, की धावताना बोलता यावे. जाणते प्रशिक्षक हीच खूण सांगतात. आपण म्हणू, नाम घेता यावे. नाम तुटले की वेग फार झाला. आठवड्यात एकदा लांब पल्ला, तोही सावकाश, आणि त्यानंतर विसावा. पालखीसुद्धा दिवेघाट चढून आली म्हणजे सासवडला दोन मुक्काम करते. विसावा हा आळस नव्हे, तो वाटचालीचाच भाग आहे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर सूर्य वर येण्याआधीच घरी परतावे.

आपल्याच मराठवाड्यातले बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे पाहा. शेतकऱ्याचा मुलगा, सैन्यात गेला. मध्यंतरी वजन वाढले होते. ते पुष्कळ उतरवून पुन्हा धावू लागला. २०२० साली दिल्लीची अर्धी मॅरेथॉन त्याने ६० मिनिटे ३० सेकंदांत पुरी करून राष्ट्रीय विक्रम केला. आपल्याला ६० मिनिटांशी कर्तव्य नाही; कोणाला तीन तास लागोत. घेण्यासारखे इतकेच, की मधला खंड हा शेवट नसतो.

कोणी शंका घेईल, की हे सारे देहाचेच कौतुक नव्हे काय? होय, पदकासाठी आणि लोकांच्या 'वाहवा'साठी असेल तर कौतुकच. आणि तसे पाहिले तर वारीही मिरवण्यासाठी केली तर तिचे तेच होते. धावणे म्हणजे भक्ती नव्हे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. पण ज्या पायांनी पंढरी गाठायची ते पाय नीट ठेवणे हे देणे आहे, आणि खाली बसलेल्या मनाला लाज सोडून पुन्हा उठायला शिकवणे ही साधना आहे. जो रस्त्यावर हळू धावायला लाजत नाही, त्याला सुटलेला हरिपाठ पहिल्या अभंगापासून उघडायलाही लाज वाटणार नाही.

तेव्हा ज्याचा जो नेम सुटला असेल, त्याने उद्या पहाटे तो थोडासाच धरावा. परवा पुन्हा धरता येईल एवढाच. रामकृष्णहरी.