शाकारणी आणि देवघर

'चालतंय ना? मग हात लावू नका!' म्हणणारे आणि 'नवीन आवृत्ती आली, लगेच घ्या' म्हणणारे असे दोन पंथ आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात पहिल्यापासून आहेत. खरं कोणाचं?

जर्मनीत दोन्हींची फळं पाहायला मिळाली. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' जगभर पसरला, तेव्हा इथल्या काही रेल्वे स्टेशनांच्या फलकांवर गाड्यांच्या वेळांऐवजी खंडणीची मागणी झळकली. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. उलट १९ जुलै २०२४ रोजी 'क्राउडस्ट्राइक'चा सदोष अपडेट आपोआप उतरला आणि जगातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. बर्लिनच्या विमानतळावर काही तास उड्डाणं थांबली. कील आणि ल्युबेकच्या विद्यापीठ रुग्णालयात ठरलेल्या शस्त्रक्रिया रद्द झाल्या.

म्हणजे प्रश्न नव्या-जुन्याचा नाहीच. मग कशाचा?

काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या गोदामात मी नवी आवृत्ती बसवली. जुन्यात सुरक्षेचा दोष होता, बदलणं भागच होतं. पण नव्या स्क्रीनवर सगळी बटणंही हलली होती. तिथल्या साठीच्या एका गृहस्थांच्या बोटांना जुना स्क्रीन पाठ होता. आठवड्याने ते म्हणाले, "३० वर्षं लोक मला विचारायला यायचे. आता मी शिकाऊ मुलाला विचारतो." काम वेळेत झालं होतं, बिलही मिळालं होतं, त्यांना द्यायला उत्तर मात्र माझ्याकडे नव्हतं.

आमच्या कोकणातल्या घराची दरवर्षी मृगाआधी शाकारणी व्हायची. ती टाळली की पाऊस घरात! पण साऱ्या वाडीची छपरं कोणी एकाच दिवशी उतरवत नसे. आणि शाकारणी काढली म्हणून कोणी देवघर हलवलं नाही. आजी अंधारातही समईपर्यंत बिनचूक पोचायची.

दुरुस्ती हे आमचं कर्तव्य आहे, तीही बेताबेताने, पारखून. पण माणसाच्या हाताला बसलेली सवय ही त्याची कमाई असते. तिला हात लावण्याआधी त्याला विचारायला हवं.

हल्ली प्रत्येक नव्या आवृत्तीच्या बैठकीत मी विचारतो, "यात शाकारणी किती आणि देवघर हलवणं किती?" जर्मन सहकाऱ्यांना आधी कोकणातलं घर समजावून सांगावं लागतं, एवढंच!