ऋण कुणाचे?

बारामतीहून आईला मी पुण्याच्या ससून रुग्णालयात नेले. ती बरी होऊन परतली. पुढे वर्गात डेव्हिड ससूनची गोष्ट सांगितली. बगदादहून मुंबईत आलेला हा ज्यू व्यापारी. १८६७ साली उभे राहिलेले ते रुग्णालय त्याच्या देणगीच्या आधारे झाले. मुंबईत त्याच्या नावाचे वाचनालय आहे. इंग्रज कवी सीगफ्रीड ससून त्याचा पणतू. मग हेही सांगावे लागले, की घराण्याच्या संपत्तीत चीनला विकलेल्या अफूचा पैसा होता.

इंदापूरकडचा एक मुलगा उठला, "गुरुजी, मग हे पुण्य की पाप?"

मी गप्प राहिलो. दानाने पाप फिटत नाही. पापाने दानही खोटे ठरत नाही. पण आई ज्या खाटेवर जगली, तिचे देणे चीनमधल्या कुणा आईचेही लागते. दिवाळीची पणती लावताना तीही आठवते.