पाच नावांचं तिकीट

म्युनिकच्या भुयारी रेल्वेत पहिल्यांदा उतरलो तेव्हा मी गेट शोधत होतो. गेट नव्हतंच. जिना, वाटेत तिकिटावर शिक्का मारायचं निळं यंत्र आणि खाली फलाट, एवढंच. त्या रात्री घरी फोन केला. ‘बाबा, इथे कोणी अडवतच नाही. लोक किती प्रामाणिक असतील!’

बाबा म्हणाले, ‘मुंबईच्या लोकललाही गेट नाही रे.’

तेव्हा हसलो, पण त्यांचं बरोबर होतं. पॅरिस आणि लंडनच्या भुयारी रेल्वेला गेट आहेत, म्हणून तिथले लोक चोर ठरत नाहीत. जर्मनीत गेटऐवजी साध्या कपड्यांतले तपासनीस असतात आणि विनातिकीट सापडलं तर 60 युरो भरावे लागतात. फसवून फुकट प्रवास करणं हा तिथे फौजदारी गुन्हाही आहे. म्हणजे आपण ज्याला विश्वास म्हणतो, तो बराचसा हिशेब असतो.

आणि हिशेब आम्हा इंजिनिअर पोरांना पटकन जमतो. 20 फेऱ्यांत एकदा पकडलं, तर फेरीमागे 3 युरो. तिकीट त्याहून महाग असेल तर न काढणं फायद्याचं. हॉस्टेलच्या किचनमध्ये वरण-भाताचा कुकर लावून आम्ही यावर तासभर वाद घालायचो. मी तिकीट काढायच्या बाजूने बोलायचो. माझ्याकडे सेमिस्टरचा पास होता, त्यामुळे शहरात प्रामाणिक राहायला मला वेगळा खर्च येत नव्हता.

इमॅन्युएल कांटने 1785 च्या पुस्तकात एका दुकानदाराचं उदाहरण दिलंय. दुकानात लहान मूल आलं तरी तो जास्त पैसे घेत नाही. वागणं बरोबरच आहे. पण फसवलं तर गिऱ्हाईक तुटेल म्हणून तो तसं वागत असेल, तर त्या वागण्याला नैतिक मोल नाही, असं कांटचं म्हणणं. हे वाचलं तेव्हा वाटलं, हा माणूस फारच कडक आहे. परिणाम चांगला आहे ना? मग मनात काय होतं ते कशाला उकरायचं?

याचं उत्तर मला 2022 च्या मे महिन्यात एका रविवारी मिळालं.

बव्हेरियात एक स्वस्त तिकीट मिळतं. एका तिकिटावर जास्तीत जास्त पाच जण, शनिवार-रविवारी दिवसभर, लोकलसारख्या हळू गाड्यांनी कुठेही. सीमेपलीकडचं साल्झबुर्गही त्यात बसतं. सगळ्यांची नावं मात्र तिकिटावर लिहावी लागतात. शनिवारी भराभर असाइनमेंट संपवायची, रविवारी पहाटे पराठे बांधून घ्यायचे आणि निघायचं, हा आमचा शिरस्ता होता. पाच जण झाले की माणशी साधारण बारा युरो पडायचे.

त्या रविवारी आम्ही सहा होतो. सहावा एप्रिलमध्येच आलेला, नांदेडकडचा पोरगा. महिन्याला बँकेतून त्याला 861 युरो मिळायचे. व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेले, कर्ज काढून आणलेले पैसे. दोन तिकिटं काढून तीन-तीन जण झालो असतो, तर माणशी चार-पाच युरो जास्त पडले असते. त्याने विचारलं, ‘दादा, चालेल ना?’

मी म्हणालो, ‘चल रे, कोण बघतंय!’

जाताना खरंच कोणी बघितलं नाही. परतताना रोझेनहाइमच्या अलीकडे तपासनीस बाई आल्या. तिकिटावरची नावं आणि आमची ओळखपत्रं त्यांनी शांतपणे जुळवली. पाच जुळली. मग त्यांनी विचारलं, ‘हा तुमच्याबरोबर आहे का?’

त्याने माझ्याकडे बघितलं. गाडीत तेव्हा मास्कची सक्ती होती, त्यामुळे माझे फक्त डोळे दिसत असणार. ते मी खिडकीकडे वळवले. मी ‘नाही’ म्हणालो नाही. काहीच म्हणालो नाही. बाकीचे चौघे माझ्याकडे बघून गप्प राहिले. बाईंनी त्याचा पासपोर्ट घेतला आणि 60 युरोंची पावती हातात दिली.

रात्री मी स्प्लिटवाइजवर 60 भागिले 6 केलं. माणशी 10. भागणाऱ्या सहांत तोही होता, हे तेव्हा खटकलंसुद्धा नाही. तो मात्र पुढचे कित्येक दिवस इंटरनेटवर शोधत होता, की यामुळे व्हिसा वाढवून मिळायला अडचण येते का.

जून आला. सरकारने तीन महिने 9 युरोंचं तिकीट काढलं. महिनाभर अख्ख्या देशात हळू गाड्यांनी फिरा. आम्ही रेगेन्सबुर्गला गेलो, पासाऊला गेलो. दर वेळी त्याला विचारलं. दर वेळी त्याचा अभ्यास होता. तिकिटाचा प्रश्न उरला नव्हता, तरी तो आला नाही.

कांट काय म्हणत होता ते मला इथे कळलं. रेल्वेने माझ्यावर विश्वास टाकलाच नव्हता. तिने शक्यता मोजून दंड ठरवला होता. विश्वास टाकला होता ‘दादा’ म्हणणाऱ्याने. तिकीट काढायच्या बाजूने वाद घालतानाही मी मनात फायदा-तोटाच मोजत होतो. बाईंनी प्रश्न विचारला तेव्हाही तेच केलं. बोललो तर आम्ही सगळेच अडकू, गप्प राहिलो तर 60 युरोंत भागेल. उत्तर क्षणात आलं, कारण सराव होता. वागणं बरोबर असताना मनात काय चाललंय, हे बघावं लागतं ते याचसाठी. फायद्याची बाजू बदलली की तेच मन तुम्हाला खिडकीकडे बघायला लावतं.

कोणी म्हणेल, त्यानेही हो म्हटलंच होतं, लहान नव्हता. खरंय. पण नव्या देशात आलेल्या माणसाला नियम ठाऊक नसतात. त्याला ठाऊक असतो तो आधी आलेला माणूस. माझा शब्द हाच त्याचा नियम होता.

आता मी पुण्यात नोकरी करतो, तो तिकडेच आहे. मागच्या वर्षी धीर करून फोन केला आणि सगळं बोलून टाकलं. तो जरा वेळ गप्प होता.

मग म्हणाला, ‘जाऊ दे ना दादा. हिशेब तेव्हाच मिटला होता.’