ओट्याचा दगड

पुणे-नाशिक रस्त्याने मंचरहून नारायणगाव, आळेफाट्याकडे जाताना ग्रॅनाइट-मार्बलची दुकाने लागतात. बाहेर लाद्या उभ्या टेकवलेल्या, आत वीतभर तुकड्यांचे नमुने मांडलेले. नवे घर बांधणारे किंवा जुने स्वयंपाकघर तोडून नव्याने करणारे कुटुंब तिथे पोहोचते, तेव्हा बोलणे होते ते घरातला कर्ता पुरुष, मिस्त्री आणि दुकानदार या तिघांत. रंग कोणता, फुटाला भाव काय, कडेला मोल्डिंग गोल की सपाट. त्या ओट्यापाशी पुढची वीस-पंचवीस वर्षे जिला उभे राहायचे आहे, तिला शेवटी विचारतात आणि तेही रंगापुरते. लादी कापून बसवणाऱ्या पोराला तर काही विचारायचे असते हे कोणाच्या मनातही येत नाही. दगड कसा निवडावा याचे उत्तर या दोघांच्या हातांत आहे, असे माझे मत आहे. एक हात त्या दगडावर काम करणार आहे, दुसरा तो दगड कापणार आहे. चमक आणि भाव यांचा विचार त्यानंतर.

हे जुन्नर-आंबेगावात सांगावे लागते याचे वाईट वाटते, कारण दगड कामावरून ओळखायची इतकी जुनी सवय फार थोड्या मुलखांना असेल. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक कोरीव लेणी आहेत. आपण ती देवदर्शनाच्या किंवा सहलीच्या वाटेवर पाहतो, पण तिथले शिलालेख वाचले तर त्यांत रोजच्या गरजाच जास्त भेटतात. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिले. शिवनेरीवर तर चिट नावाच्या एका यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दिल्याचा लेख आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इथे कोणीतरी माणसांना जेवायला बसता यावे म्हणून डोंगर कोरून घेतला. कोणत्या थरातला खडक छत पेलेल, कुठे पाणी झिरपेल, कुठे टाके ठेवावे, हे त्या छिन्नी चालवणाऱ्यांना कळत होते.

तीच समज घरोघरी जात्या-पाट्यांपर्यंत आलेली होती. पाटा घेताना बाई त्यावर बोटे फिरवून पाही. गुळगुळीत पाटा निकामी, कारण त्यावर मिरची नुसती सरकते, वाटली जात नाही. वर्ष-सहा महिन्यांनी पाटा झिजला की टाकी लावणारा अंगणात बसे आणि छिन्नी-हातोडीने त्याला पुन्हा बारीक खाचा पाडून देई. खाचा फार खोल झाल्या तर चटणीत कच येते, उथळ राहिल्या तर वाटण जाडेभरडे राहते. म्हणून बाई शेजारी उभी राहून सांगे, इथे अजून थोडी, आता बास. पाट्यावर पाणी टाकून, हात फिरवून ती काम पसंत करी आणि मगच धान्य किंवा पैसे हातावर ठेवी. दगड वापरणारी आणि दगड घडवणारा असे समोरासमोर होते. मला त्या व्यवहारातली हीच गोष्ट मोलाची वाटते. पाट्याचे कष्ट परत यावेत असे मी म्हणत नाही. मिक्सरने बायकांचे मनगट आणि खांदे वाचवले, ते बरेच झाले.

ओटा त्या मानाने नवा. चूल जमिनीवर होती, स्वयंपाक बसून होता. आंबेगावच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या बाजूच्या वाड्या-वस्त्यांवर अजूनही कितीतरी घरांत तसाच होतो. गॅस आला आणि शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर हवी म्हणून स्वयंपाक उभ्याने सुरू झाला. सुरुवातीला ओट्याला शहाबादी फरशी असे, मग काळा कडप्पा आला. हे दोन्ही चुनखडीचे दगड. शहाबादी कर्नाटकातल्या कलबुर्गीकडची, कडप्पा आंध्रातला. चुनखडीला आंबट सोसत नाही. चिंचेचा कोळ, लिंबाचा रस, ताक सांडून राहिले की तिथला पॉलिश उडतो, पांढुरका डाग पडतो आणि तो घासून निघत नाही, कारण तो मळ नसून दगडच तेवढा खाल्ला गेलेला असतो. संगमरवराचेही तेच, वर हळदीचा पिवळा डाग वेगळा. ग्रॅनाइटवर लिंबाचा असा परिणाम होत नाही. पुढे ग्रॅनाइट घरोघरी गेला तो काही फक्त मिरवण्यासाठी नाही, तो कामात उतरला म्हणून. कडप्पा मात्र अजून ओट्याखालच्या उभ्या फळ्यांना आणि मांडणीला चांगला. तिथे आंबट सांडत नाही आणि तो स्वस्तही पडतो.

मग आपल्या डोंगराचाच दगड का नाही, असा प्रश्न इथल्या माणसाला पडायला हवा. सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेला लाव्हा. कुकडेश्वराचे देऊळ त्याचे, गडांच्या पायऱ्या त्याच्या, नाणेघाटातला रांजणही त्याचाच. पण लाव्हा वर येऊन भराभर थंड झाला, त्यामुळे त्यात भेगा-सांधे फार. काही थरांत वायूच्या पोकळ्या राहिल्या आणि त्यांत गारगोट्या भरल्या. जाते, पाटा, चिरा यांपुरता तुकडा त्यातून उत्तम मिळतो. ओट्याला लागणारी आठ-नऊ फुटांची सलग, पातळ लादी सहसा निघत नाही. आज आपल्या खाणींतून निघते ती खडी आणि क्रश सँड. घराच्या भिंतीत आणि स्लॅबमध्ये आपला डोंगर असतो, ओट्यावर दक्षिणेचा.

पण तो दक्षिणेचा दगडही परका नाही. काळा ग्रॅनाइट म्हणून जो विकला जातो, त्यातला बराचसा भूशास्त्राच्या हिशेबाने ग्रॅनाइट नसतो. तो असतो डोलराइट किंवा गॅब्रो, म्हणजे बेसाल्टच्याच जातीचा रस, जो वर न येता जमिनीखाली सावकाश निवला. सावकाश निवल्यामुळे त्याचे कण मोठे झाले, दगड सलग आणि चिवट राहिला. म्हणजे ज्या पाषाणावर जुन्नरच्या बायकांनी शतकानुशतके मिरची वाटली, त्याच्याच भावकीतला दगड त्यांच्या नातींच्या ओट्यावर आला आहे. या नात्याचा एक फार मोठा फायदाही आहे, त्याकडे येतोच.

आधी काम पाहू, आणि या भागात कामाची कसोटी लावायची तर मासवडीची लावावी. चण्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा कढईतून काढून ओट्यावर पसरलेल्या ओल्या फडक्यावर टाकायचा आणि वाफ निघत असतानाच, हात पाण्यात बुडवत बुडवत, थापून पातळ करायचा. थंड झाला की तो चिरतो, त्यामुळे थांबायला वेळ नाही. वर तीळ, खोबरे, लसूण, भाजलेल्या कांद्याचे सारण. मग फडक्याचे टोक उचलून गुंडाळी करायची, हातांनी दाबून तिला माशाचा आकार द्यायचा आणि वड्या कापायच्या. या अर्ध्या तासात ओट्याला उकळत्या पिठाची ऊब, पाणी, तेल, सुरीची टोके आणि शेजारी थेट गॅसवरून उतरवलेली कढई, एवढे सगळे सोसावे लागते. फडक्याच्या चारी बाजूंना हात फिरेल एवढी मोकळी जागा लागते, मध्ये सांधा असून चालत नाही. दुकानातला वीतभर तुकडा यातले काहीही सांगत नाही.

म्हणून नमुन्याचा तुकडा घरी मागून घ्यावा. त्यावर लिंबू पिळून, हळदीचे तेल लावून रात्रभर ठेवावा. पाण्याचा थेंब टाकून पाहावा. दगड लगेच गडद झाला तर तो पाणी पितो आणि पाणी पिणारा दगड तेलही पितो. काळ्या लादीवर थिनरचा पांढरा बोळा घासावा, कारण राखाडी दगडाला रंग देऊन काळा म्हणून विकण्याचा प्रकार चालतो. बोळा काळा झाला तर ती लादी नको. आणि आपल्याकडे बोअरचे पाणी जड असते. आरशासारख्या काळ्या पॉलिशवर त्याचे क्षार पांढरे उठून दिसतात आणि दिवसातून चार वेळा पुसायचे काम त्या घरातल्या बाईच्या गळ्यात पडते. त्यापेक्षा बारीक दाण्याचा, थोडा तपकिरी झाक असलेला दगड किंवा लेदर फिनिशची काळी लादी घ्यावी. ज्यांना मोबाइलवर पाहिलेले पांढरेशुभ्र स्वयंपाकघर हवे आहे, त्यांनी आपल्या घरात आठवड्याला किती हळद फोडणीला पडते याचा विचार करावा.

उंचीबद्दलही बोलले पाहिजे, कारण दगड कितीही चांगला असला तरी उंची चुकली की पाठ जाते. कोपर वाकवून उभे राहावे आणि कोपराखाली चार ते सहा इंचांवर ओटा यावा, हा साधा हिशेब. पाच फूट उंचीच्या बाईला तो बत्तीस-तेहतीस इंचांच्या आसपास येतो. तयार मॉड्युलर मापे बहुधा चौतीस ते छत्तीस इंचांची असतात. त्यावर काठवट किंवा परात ठेवली की भाकरी थापणारा हात आणखी वर जातो आणि सगळा जोर खांद्यावर येतो. ज्या घरात रोज बाजरीच्या भाकरी होतात, तिथे ओट्याचा एक दोन-अडीच फुटांचा भाग मुद्दाम सहा इंच खाली घ्यावा. मिस्त्री कुरकुर करील, दिसायला बरे नाही म्हणेल. त्याला करायला लावावे.

आता तो दुसरा हात. गेल्या काही वर्षांत क्वार्ट्झ या नावाने कारखान्यात बनवलेली लादी शहरांतून आपल्याकडे येऊ लागली आहे. गारेची भुकटी आणि रेझिन दाबून ती करतात. रंग एकसारखा, डाग पडत नाही, दिसायला देखणी. रेझिनला उष्णता सोसत नाही, त्यामुळे आपल्या तव्या-कढयांपुढे ती टिकायची नाही, हे एक कारण तिला नाकारायला पुरेसे आहे. पण खरे कारण निराळे आहे. तिच्यात नव्वद टक्क्यांहून अधिक सिलिका असू शकते. ती कोरडी कापली की डोळ्यांना न दिसणारी धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. इस्रायल, स्पेन, ऑस्ट्रेलिया इथे या लाद्या कापणारे तरुण कामगार आजारी पडले. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा लादीचे उत्पादन, विक्री आणि वापर यांवर बंदी घातली. असे करणारा तो पहिला देश. आपला देश मात्र ही लादी मोठ्या प्रमाणावर बनवतो आणि निर्यात करतो.

नेहमीच्या ग्रॅनाइटमध्येही साधारण तीस टक्के सिलिका असते, म्हणजे तोही निर्धोक नाही. डोलराइट-गॅब्रोसारख्या काळ्या दगडात सुटी गार अगदी थोडी असते आणि मघाशी म्हटलेला फायदा तो हा. सह्याद्रीच्या या भावकीतला दगड वापरणारीला सोसतो आणि कापणाऱ्यालाही त्यातल्या त्यात कमी बाधतो. माझी पसंती त्याला आहे.

तरी कोणताही दगड कोरडा कापणे वाईटच. आपल्या अंगणात हे सर्रास चालते. सिंकचे आणि शेगडीचे भोक पाडायला विशी-बाविशीतला मुलगा लादीवर उकिडवा बसतो, ग्राइंडर लावतो, तोंडाला रुमाल बांधतो, आणि पांढऱ्या ढगात तो दिसेनासा होतो. त्या रुमालाने ही धूळ अडत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेला आजार ठरवला होता. पण हा मुलगा कुठल्या कारखान्याच्या हजेरीपटावर नाही. आज ओतूरला, उद्या घोडेगावला, परवा आणखी कुठे. त्याला दहा वर्षांनी दम लागला तर कोणत्या ओट्याने लागला हे कोणी सांगू शकणार नाही.

यावर उपाय आहे आणि तो घरमालकाच्या हातात आहे. माप पक्के करून भोके दुकानातल्या पाण्याच्या मशिनवरच पाडून घ्यावीत. जागेवर कापावेच लागले तर ब्लेडवर सतत पाण्याची धार हवी, त्यासाठी एक माणूस जास्त लागला तर त्याची मजुरी आपण द्यावी. चिखल होतो, वेळ लागतो, फरशी पुन्हा धुवावी लागते. ते सगळे मान्य करावे. चांगला एन-९५ मास्क आपण आणून द्यावा आणि तो लावल्याशिवाय काम सुरू करू देऊ नये. लाखांच्या बांधकामात हा खर्च काहीच नाही. भाव ठरवतानाच मिस्त्रीला ही अट सांगा आणि अंगणात कोरडा ग्राइंडर सुरू झालेला दिसला, तर काम तिथेच थांबवा.